दुपारपाळीचा ड्राइव्ह

गेल्या श्रावणात सदाशिव पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी आणि तो पाऊण तास बसलो होतो, मध्ये एकच रिकामी खुर्ची. दोघांच्याही डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले. काउंटरवरच्या बाईंनी दम भरला होता, की बोलावेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. मी त्याला ओळखलं ते खाकरण्यावरून. दोनदा आखूड, मग एकदा लांब. सात वर्षं एका खोलीत काम केलं की माणसाचं खाकरणंही पाठ होतं. त्यानेही मला ओळखलं असणार, कारण माझा नंबर पुकारल्यावर मी "आलो" म्हटलं आणि त्याचं खाकरणं मध्येच थांबलं.

मी तपासून बाहेर आलो तेव्हा तो मान वळवून भिंतीवरची पाटी वाचत होता. थेंब घातलेल्या माणसाला समोरचा हत्ती धड दिसत नाही, पाटी कसली वाचतोय! मला राग आला. काळा चष्मा लावून मी रिक्षाने कोथरूडला घरी आलो, दार उघडलं, आणि नेहमीप्रमाणे आत कुणीच नव्हतं. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी बंगळुरूला, तिचा फोन रविवारी. दवाखान्यात काय झालं हे सांगायला माणूस नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, सांगावंसं वाटलं ते त्यालाच.

तो म्हणजे माझा एकेकाळचा भागीदार. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही पेठेत दहा बाय बाराच्या एका खोलीत मराठी टाइपसेटिंग करायचो. लग्नपत्रिका, स्मरणिका, क्लासच्या नोट्स, आणि वर्षातून एकदा एक दिवाळी अंक. कॉम्प्युटर एकच होता, म्हणून पाळ्या लावलेल्या. सकाळ माझी, दुपार त्याची. दोघांचं काम एकमेकांत मिसळू नये म्हणून मी डॉसमध्ये, म्हणजे त्या काळच्या कॉम्प्युटरच्या कार्यप्रणालीत, एक युक्ती केली होती. हार्ड डिस्क एकच, पण तिच्यातल्या दोन कप्प्यांना दोन वेगळी अक्षरं दिली, जणू दोन वेगळे ड्राइव्हच. माझा एम, त्याचा एन. त्याने यायचं, एन आणि दोन टिंबं टाइप करायची, की त्याचं सगळं काम समोर. आतलं बाकी काही त्याला कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. दुसऱ्याच्या अक्षरात शिरायचं नाही, हा आमचा नियम.

शनिवारी मात्र दोघं एकत्र बसायचो, प्रुफं तपासायला. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून ताडून पाहायचं. विरामचिन्हांसकट वाचायचं. "चि. सौ. कां., स्वल्पविराम," असं. त्याच्या आईने एकदा डबा घेऊन येताना जिन्यात ऐकलं आणि विचारलं, हे दोघं भांडतायत का रे?

भांडलो पुढे. त्याचं कारण त्याच्या वडिलांचं आत्मचरित्र.

वडील पोस्टमन होते. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं आणि त्या दिवशी आलेल्यांना वाटायला साठ-बासष्ट पानांची पुस्तिका काढायची असं त्याने ठरवलं. वडिलांची दृष्टी काचबिंदूने जवळजवळ गेलेली. ते सांगायचे आणि हा दुपारच्या पाळीतलं काम उरकलं की त्यांना खोलीत आणून बसवायचा आणि थेट टाइप करायचा. हाताने लिहिलेलं असं काही नव्हतंच. पाचेक महिने हे चाललं. फ्लॉपीवर एक प्रत घेऊन ठेव, असं मी म्हणायचो. घेतो, घेतो, असं तो म्हणायचा.

दिवाळीची सुट्टी संपवून तो आला, एन टाइप केलं आणि आत काहीच नव्हतं. समारंभ पंधरा दिवसांवर.

"तू पुसलंस," तो म्हणाला.

"मी तुझ्या एनला हात लावलेला नाही. आईशप्पथ."

"तुझ्याशिवाय इथे पुसता येतं कुणाला?"

मी सगळी डिस्क धुंडाळली, काही मिळालं नाही. मला अगदी मनापासून वाटत होतं की यानेच काहीतरी भलतं दाबलं असणार. चोर तर चोर वर शिरजोर, अशा तावात मी म्हणालो, "सांभाळता येत नसेल त्याने कॉम्प्युटरला हात लावू नये." वडील तिथेच खुर्चीत बसलेले होते. तो त्यांचा हात धरून जिना उतरला आणि पुन्हा वर आला नाही. समारंभ पुस्तिकेविना झाला. मला बोलावणं नव्हतं. पुढच्या वर्षी वडील वारल्याची दोन ओळींची बातमी पेपरात वाचली. मी मशीन ठेवून घेतलं, दोन-तीन वर्षं एकट्याने दोन्ही पाळ्या केल्या, मग एका कंपनीत नोकरीला लागलो.

इतकी वर्षं मी एकच वाक्य मनात घोळवत आलो, की मी पुसलं नाही. बायकोला ते इतक्यांदा ऐकवलं होतं, की ती म्हणायची, "अहो, आता मलाच संशय यायला लागलाय."

दवाखान्यातून आल्यावर दोन दिवसांनी डोळे निवळले आणि मी माळ्यावरचा खोका काढला. आत एकेचाळीस फ्लॉप्या. मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं, फ्लॉप्या का कोण जाणे राहिल्या होत्या. त्यातल्या एखादीवर त्याने चुकून का होईना प्रत घेतली असेल, ती सापडली तर त्याच्यापुढे नेऊन ठेवायची आणि म्हणायचं, घे, आता बोल. मला निर्दोष ठरायचं होतं. आणि निर्दोष ठरलो की तो परत बोलायला लागेल, असा माझा बाळबोध हिशेब होता.

फ्लॉपी वाचणारं यंत्र शोधायला इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो. तिसऱ्या दुकानातल्या गृहस्थांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फ्लॉपी? काका, पुराणवस्तूंचं खातं वेगळं असतं." पण आत जाऊन धुळीने माखलेलं एक यंत्र त्यांनीच आणून दिलं.

एकेचाळीसपैकी चौदा वाचता आल्या. बाकीच्यांनी नुसती घरघर केली. त्या चौदांतल्या नऊ लग्नपत्रिका निघाल्या. आता साठीकडे झुकलेली जोडपी असतील ती, म्हणजे असली तर. उरलेल्या पाचांवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'दिवाळी अंक, १ ते ५'. त्यांत आत्मचरित्र असायचं कारण नव्हतं. तरी म्हटलं, अंक तरी पाहू. तो आम्ही दोघांनी लावलेला शेवटचा अंक होता.

पण हा पाच फ्लॉप्यांचा गठ्ठा जुन्या बॅकअपच्या आज्ञेने बांधलेला होता. तो सोडवायला त्या काळचंच डॉस लागतं. आताच्या लॅपटॉपच्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार करता येतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते उभं करायला मला आठवडा लागला. काळी खिडकी उघडली, कोपऱ्यात ते सी आणि टिंबं दिसली, पुढे लुकलुकणारी छोटी रेघ. ती रेघ नुसती वाट पाहत असते. दिवसभर घरात माझी वाट पाहणारं दुसरं कोण होतं?

पहिल्या फ्लॉपीवर मीच लिहून ठेवलेली एक बॅच फाइल होती, म्हणजे एकामागून एक चालायच्या आज्ञांची चिठ्ठी. ती चालवली की अंक आपोआप मूळ जागी परत यायला हवा होता. चालवली. उत्तर आलं, 'इनव्हॅलिड पॅरामीटर', म्हणजे आज्ञेतच काहीतरी चुकीचं. नुसतं एन टाइप करून पाहिलं. 'इनव्हॅलिड ड्राइव्ह स्पेसिफिकेशन'. असा ड्राइव्हच नाही, विषय संपला. पुणेरी पाटीसुद्धा याहून मवाळ असते.

चार दिवस मी त्या एनच्या मागे होतो. दुपारी जेवण झालं की बसायचं, पाच वाजता उठायचं. आज्ञा उलटसुलट लिहून पाहिली. डॉसची दुसरी आवृत्ती घातली. ई हे अक्षर चालत होतं, एफ नाही. का, ते कळेना. मी त्या खिडकीशी मोठ्याने बोलायला लागलो होतो. "अरे, होता ना एन! मीच केला होता!" खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात विचारलं, "पाहुणे आलेत वाटतं?" मी हो म्हणून टाकलं.

शेवटी जुन्या मशीनच्या नादिष्ट लोकांच्या एका फोरमवर प्रश्न टाकला. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा देशातल्या अनोळखी माणसाने दोन ओळी लिहिल्या. डॉसला शेवटचं अक्षर कोणतं ते सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं. न सांगितलं तर तो ई पर्यंत मोजतो, आणि त्यापुढची अक्षरं जगात नाहीतच असं धरून चालतो. त्या आठवड्यात मला थेट उत्तर देणारा तो एकमेव माणूस होता. मी त्याचे जरा जास्तच आभार मानले.

कपाळावर हात मारून घेतला, कारण ही ओळ जुन्या मशीनमध्ये मीच लिहिली होती. पार विसरलो होतो. पहिल्यांदा तिथे मनात आलं, की हे विसरलो तर आणखी काय काय विसरलो असेन?

ओळ घातली, मशीन पुन्हा चालू केलं. बॅच फाइल चालवण्याआधी म्हटलं, या खेपेला ती नीट वाचून तरी घेऊ. चार दिवस मी तिच्या दुसऱ्या ओळीतल्या फक्त एन या अक्षराकडे पाहत होतो. ते अक्षर कुठे जोडलंय, ते पाहिलंच नव्हतं. एन जोडलेला होता दिवाळीच्या कप्प्याच्या आत, 'दुपार' नावाच्या उपकप्प्याला. त्याच्या वर, मशीनने वाचायची नसते अशी शेऱ्याची एक ओळ. इंग्रजी लिपीत, माझ्या सवयीप्रमाणे नीटनेटकी: 'तात्पुरते. अंक झाला की पूर्ववत करणे.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग एकेक आठवत गेलं.

पानं लावणाऱ्या प्रोग्रामला अंकाचे सगळे लेख एकाच कप्प्यात लागायचे. म्हणून अंकाच्या धामधुमीत एका सकाळी मी त्याचं सगळं बिऱ्हाड उचलून दिवाळीच्या कप्प्यात नेलं आणि एन हे अक्षर तिकडे जोडलं. त्याला काही कळूही नये, इतकं चोख. त्याने नेहमीसारखं एन टाइप केलं, नेहमीसारखं काम समोर दिसलं. अंकाच्या कामातून उसंत मिळेल तशी त्याने वडिलांची उरलेली प्रकरणंही तिथेच पुरी केली. अंक छापून आला. आमच्या रिवाजाप्रमाणे मी काम फ्लॉप्यांवर बांधून ठेवलं, डिस्कवरचा दिवाळीचा कप्पा पुसला, आणि एन पुन्हा त्याच्या जुन्या, रिकाम्या जागी जोडला. पूर्ववत केलं. लिहिल्याप्रमाणे.

एनला हात लावला नाही, असं मी आईशपथ सांगितलं होतं.

बॅच फाइल चालवली. एक एक फ्लॉपी आत गेली, पाचही वाचल्या गेल्या. दिवाळीतल्या कविता, पाककृती, राशिभविष्य, आणि 'दुपार'मध्ये बावीस फाइली, बाबा-१ ते बाबा-२२. माझ्याच माळ्यावर, माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठीखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर गावच तुटलं होतं.

आता खरं तर पेच पडला. ती एक ओळ मी खोडली, तर कुणाला कळणार होतं? 'तुझ्या एका फ्लॉपीवर सापडलं बघ,' एवढं म्हटलं तर मी निर्दोषही ठरत होतो आणि उपकारकर्ताही. दोन दिवस मी हे मनाशी घोळवलं, आणि त्यात मला लाज वाटण्यापेक्षा सोय जास्त वाटत होती, हेही लिहून ठेवतो.

निर्णय लांबवायला एक काम मिळालं. त्या जुन्या मराठी अक्षरांची छपाई आता होत नव्हती. खिडकीत वाचता येत होतं, एवढंच. म्हणून एका बाजूला ती खिडकी ठेवून मी सगळं नव्याने टाइप करायला घेतलं. तीन आठवडे रोज दुपारी, त्याच्या पाळीच्या वेळेला. वडिलांनी पेठेतली कुत्री घरक्रमांकासकट सांगितली होती. मनीऑर्डर घेताना कोणाचे हात थरथरायचे, कोण पाणी विचारायचं, कोण दारातूनच कागद ओढून घ्यायचं. एकोणिसाव्या प्रकरणात होतं, 'वाईट बातमीची तार असली की मी ती देऊन लगेच निघत नसे. दोन मिनिटं उंबऱ्याशी थांबत असे. काही बोलायचं नसतं. फक्त थांबायचं असतं.' त्या वाक्यापाशी आल्यावर मी कॉम्प्युटर बंद केला आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

बासष्ट पानं छापली. वर एक वेगळा कागद ठेवला, त्यावर ती बॅच फाइल जशीच्या तशी, शेऱ्याच्या ओळीसकट. आणि धायरीची बस पकडली. त्याच्या घराची पेठेतली इमारत पडल्यावर तो तिकडे राहायला गेला होता, एवढं कानावर होतं. पत्ता खोलीच्या जुन्या घरमालकांकडून मिळाला.

दार त्यानेच उघडलं. मला पाहिलं, पिशवी पाहिली. "आपण?" म्हणाला.

"मीच."

"मोजे, कॅलेंडर काही विकत असाल तर आमच्या सोसायटीत बंदी आहे."

"आत येऊ का?"

तो बाजूला झाला. घरात शांतता होती. भिंतीवर वहिनींचा फोटो, त्याला हार. मला माहीतच नव्हतं. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "दोन वर्षं झाली. बसा."

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी पिशवीतून गठ्ठा काढला आणि सगळं सांगितलं. अंक, कप्पे, अक्षर कुठे जोडलं, कधी पुसलं. वरच्या कागदावरच्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून दाखवलं. "तू म्हणालास ते बरोबर होतं. मीच पुसलं. मुद्दाम नाही, पण मीच. आणि तुलाच बोललो."

त्याने तो कागद बाजूला ठेवला, वाचलाही नाही. खालचं पहिलं पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग खाली ठेवलं.

"हे मला पंधरा दिवसांतच कळलं होतं," तो म्हणाला. "म्हणजे हे कप्पे-बिप्पे नाही. तू मुद्दाम करणार नाहीस, एवढं. बाबाच म्हणाले, असू दे रे, माझं मला आठवतंय, आणि तो काही तसा मुलगा नाही."

"मग आला का नाहीस?"

"मी?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहून बोलला. "फाइल गेली त्याचं काही नव्हतं रे. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. पेपरात बातमी दिली होती ती कुणासाठी दिली होती? नातेवाईक सगळे घरातच होते. सकाळी नेणार होतो, दुपारपर्यंत थांबवलं मी. तुझी पाळी एकला सुटायची."

इतकी वर्षं ती बातमी मला दोन ओळींची म्हणून लक्षात होती. त्या दिवशी सकाळची पाळी संपल्यावर मी कुलूप लावलं, त्याच्या गल्लीच्या तोंडाशी गेलो, आणि आधी त्याने माफी मागावी असं म्हणून परत फिरलो, हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. त्यालाही तेव्हा सांगू शकलो नाही. "हो," म्हणालो. "नाही आलो."

उठून जावं असं फार वाटत होतं. पण मी उठलो नाही, तसाच बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने तो दोनदा आखूड आणि एकदा लांब खाकरला. पानांचा गठ्ठा त्याने माझ्याकडे सरकवला. "मला हे बारीक दिसत नाही आता. डोळे कसे आहेत ते पाहिलंसच तू दवाखान्यात." मग खुर्चीत मागे टेकून त्याने डोळे मिटले. "वाच."

मी चष्मा पुसला आणि पहिलं पान धरलं.

"मी पोस्टात एकतीस वर्षं होतो, स्वल्पविराम, त्यातली सव्वीस पायी, पूर्णविराम."

"हं," तो म्हणाला. "पुढे."